बारा मिनिटं वीस सेकंद

तिनं हातमोजे घरट्यातल्या कागदी कपट्यांत चोळले आणि चार पिल्लं एकेक करून प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्याच्या चार कोपऱ्यांत ठेवली. गुलाबी, आंधळी, बोटाच्या पेराएवढी. हातांना घरट्याचा वास लागलेला असला की उंदरीण बिथरत नाही. मग तिनं आईला आत सोडलं, घड्याळाची कळ दाबली आणि स्टुलावर बसली.

नियम साधा होता. दहा मिनिटांत आई किती पिल्लं घरट्यात परत आणते ते मोजायचं. दहा झाली की उरलेली पिल्लं आपल्याच हातांनी परत ठेवायची, गारठू नयेत म्हणून. कुठल्या आईला नशेचं औषध दिलंय आणि कुठलीला नुसतं मिठाचं पाणी, हे मोजणाऱ्याला सांगत नसत. पण चार वर्षांच्या सवयीनं तिला ते पहिल्या दोन मिनिटांतच कळे.

ही उंदरीण एका बाजूला बसून मिशा पुसत होती. पिल्लांच्या हाका माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत. शेजारच्या पडद्यावर त्या बारीक उभ्या रेघा होऊन उमटत होत्या.

"बहिरी आहे का काय ही?" दाराशी भुशाची पोती रचणारे पिंजरेवाले काका म्हणाले.

"ऐकू येतं तिला, काका. पिल्लाची हाक आली, वास आला की मेंदूतली एक जागा सुखावते, म्हणून आई उठते. औषधानं ती जागा आधीच अडवून ठेवलेली असते. हाक पोचते, पण बोलावणं वाटत नाही."

"म्हणजे सगळी माया त्या जागेतच?"

"सगळी नाही. उठायला लावणारी."

"मग आमच्या घरी सगळ्यांचीच जागा अडलेली दिसते. मी हाका मारतो, एक माणूस उठेल तर शपथ."

ती हसली, पण डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले. अकरा पन्नास. साडेबाराला तिच्या लेकीची, चिमणीची, शाळा सुटणार होती, आणि आज पहिल्यांदाच तिला आणायला आजी एकटी जाणार होती. "मला आणू दे ना तिला," असं आई आठवडाभर म्हणत होती. हट्टानं नाही, सहज विचारल्यासारखं. चार वर्षांत आईनं नशेच्या गोळीला हात लावलेला नव्हता. तरी तिनं अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता. शाळेसमोर वह्यांचं दुकान होतं. आत उभं राहिलं की फाटक दिसायचं आणि फाटकातून आपण दिसायचो नाही.

अशाच एका फाटकाआतल्या बाकावर ती लहानपणी बसायची, सगळी मुलं गेल्यावर. शेजारी शाळेतल्या झाडूवाल्या मावशी बसत, केरसुणी मांडीवर आडवी घेऊन. "तुझी आई लांबून येते गं, वेळ लागायचाच," त्या दर वेळी म्हणत. घर शाळेमागे तिसऱ्या गल्लीत होतं आणि मावशींना ते ठाऊक होतं. पण आई विसरली, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. पुढे मेंदूतल्या त्या जागेबद्दल शिकताना तिला आधी मावशी आठवल्या. त्यांचं खोटं खोटं नव्हतंच. आई खरोखरच लांबून येत होती.

"बाई, तुमचं घड्याळ वाजून गेलं की."

तिनं दचकून पाहिलं. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. असं आजवर कधी झालं नव्हतं. तिनं घाईनं झाकण उचललं, हात आत घातला आणि तो तसाच थांबला.

उंदरीण उठली होती. अर्ध्यावर आली, थबकली, परत फिरली. पुन्हा आली. एका पिल्लाला हुंगून तिनं अलगद तोंडात धरलं आणि घरट्यात नेऊन ठेवलं. मग दुसरं. मग उरलेली दोन्ही, जणू मधे काही झालंच नव्हतं. पडद्यावरच्या रेघा विरळ होत होत थांबल्या. घड्याळात बारा मिनिटं वीस सेकंद झाले होते.

काकांनी हातातलं पोतं खाली ठेवलं. "आणली की हिनं."

"हो."

"याआधी कुणी आणली होती अशी उशिरा?"

तिनं हात हळूच बाहेर काढला.

"काय माहीत, काका. दहाला आपणच हात घालतो. थांबून कधी पाहिलंच नाही."

तक्त्यात तिनं शून्य भरलं; नियमानं शून्यच होतं. शेऱ्याच्या रकान्यात मात्र लिहिलं: बारा मिनिटं वीस सेकंद, चारही. मग खिशातला अर्ज काढला, त्याची चौकोनी घडी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. साडेबारा वाजले तेव्हा ती पुढच्या पिंजऱ्यासाठी हातमोजे कपट्यांत चोळत होती. चोळणं जरा जास्तच वेळ चाललं.

संध्याकाळी घरी आली तेव्हा चिमणी फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती आणि आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी संत्रं सोलत होती. तिनं दारातच दोघींकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि मग चपला काढल्या.

"आजी ना, मधल्या सुट्टीपासूनच बाकावर होती," चिमणीनं मान वर न करता सांगितलं. "आमच्या बाई म्हणाल्या, आजी, तुम्हालाही वर्गात घेऊ का?"

आई ओशाळली. "घरी बसून तरी काय करणार होते? म्हटलं, उशीर नको."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. आईनं साल एका बाजूला सारलं.

"तू आली होतीस का गं? त्या वह्यांच्या दुकानाकडे सारखं लक्ष जात होतं माझं."

"नाही."

"मला वाटलं, येशील."

"येणार होते," ती म्हणाली.

आईची बोटं क्षणभर थांबली. मग तिनं एक फोड सुटी केली, तिच्यावरचे पांढरे दोरे एकेक करून काढले, बी काढली आणि फोड लेकीच्या तळहातावर ठेवली.

"आजी, मला?"

"थांब जरा," आई म्हणाली. "आधी माझ्या पोरीला."