धावपट्टीवर सापडलेलं

एक वॉशर… पितळी, काचेखाली मखमलीवर ठेवलेला, आणि शेजारच्या चिठ्ठीवर अप्पांचं अक्षर—तारीख, वेळ, धावपट्टीवरची नेमकी जागा. घरी साधी सामानाची यादीही आईकडून लिहून घेणारा माणूस इथे इतकं नेटकं लिहीत होता, हे त्यांच्या लेकीला ते गेल्यावर दोन महिन्यांनी कळत होतं.

नव्या दालनात विमानतळाची साठ वर्षं भिंतीवर ओळीने लावली होती: गवताळ मैदान, पत्र्याची शेड, पहिलं परदेशी विमान, मग ही काचेची अवाढव्य इमारत. एकाही फोटोत अप्पा नव्हते. ते रोज पहाटे धावपट्टीवर मान खाली घालून चालायचे, खडे, स्क्रू, पत्र्याचे तुकडे वेचत; इंजिनात एवढंसं काही गेलं तरी होत्याचं नव्हतं. घरीही तसेच चालायचे, आणि तिला वाटायचं, आपल्याकडे बघायचं नाही म्हणून…

"काका फार बोलायचे हो," शेजारी उभी असलेली बाई म्हणाली. अप्पांच्या हाताखाली शिकलेली, आता त्यांच्या जागेवर आलेली. "दोन तास चाल आणि दोन तास गप्पा. तुम्ही सायकलवरून पडून कपाळ फोडून घेतलंत, ते तर मला पाठ आहे."

दोन तास! माझ्या वाट्याला 'जेवलीस का' एवढंच—आणि माझं कपाळसुद्धा हिच्याकडे…

विमानतळवाल्यांनी दालनासाठी अप्पांचा घरी असलेला डबा मागितला होता, तो लेकीच्या पर्समध्ये होता. आत बिनचिठ्ठीचे वॉशर, नट. तिच्या लहानपणी अप्पांनी कधीतरी घरी येऊन मुकाट्याने तिच्या तळहातावर ठेवलेले. विसरून खिशात राहिलं असेल, असं आई म्हणायची. आता तीही बाईला तसंच म्हणाली—कधीकधी एखादा नट खिशात विसरून घरी यायचा.

बाई हसली. "काका आणि विसरतील? सुटताना फाटकावर खिसे उलटे करून दाखवायचे. मलाही करायला लावायचे. दहा वर्षांत एक खिळा मला बाहेर नेऊ दिला नाही."

म्हणजे… नेमाचा तो माणूस, आणि तरी—मुद्दाम? माझ्यासाठी? आणि हेही हिच्याच तोंडून कळावं!

"डबा आणलात ना?"

"नाही," ती म्हणाली. पर्स खांद्यावर घेताना आत काहीतरी खुळखुळलं.

बाईने ऐकलं असावं. तिने मान खाली घातली—हुबेहूब अप्पांसारखी. तशा मानेत माया असू शकते हे लेकीला आज पहिल्यांदाच दिसलं, आणि ती मान हिच्याकडे गेली याचा हेवा डब्याच्या वजनासकट खांद्यावर तसाच राहिला.