एकतीस डिसेंबरचा डावा बूट

चिखलात रुतलेला, पण कुठे रुतलाय हे सगळ्यांना ठाऊक असलेला माझा थोरला भाऊ यादीत धरायचा की वगळायचा? हा प्रश्न मी ऑडिटरसाहेबांना नऊ वर्षं विचारला. माझ्या भाषेत, म्हणजे पावलागणिक पचपच करून. त्यांनी कधी उत्तर दिलं नाही. मोजून झालं की ते मला धुवायचे, खिळ्याला टांगायचे आणि घरी जायचे.

मी बूट बोलतोय. डावा, काळा, रबराचा, गुडघ्याच्या वर येणारा, सत्तेचाळीस नंबरचा. येर्सेके या समुद्राकाठच्या डच गावात, कालवांच्या एका शेडमध्ये, दारामागच्या खिळ्यावर माझा मुक्काम.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यावरून उजवा आधी निघाला, मी त्याच्या पाठोपाठ. म्हणून तो थोरला. खोक्यात आम्ही टाचेला टाच लावून निजायचो. तो म्हणायचा, घाबरू नकोस, आपल्याला कायम जोडीनंच विकतात. ते खरं होतं. विकण्यापुरतं खरं होतं.

आम्हाला विकत घेतलं मिनानं. कागदावर ती याकोमिना, गावात मिना. ती आणि तिचा भाऊ लेंडर्ट मिळून कालवांची कंपनी चालवतात. वडिलांकडून आली, निम्मी तिची, निम्मी त्याची. लेंडर्ट समुद्राकडचं बघतो. चिखलातल्या पट्ट्यांवर कालवं वाढवतो, ओहोटीला काढतो, क्रेट भरभरून किनाऱ्याला आणतो. मिना किनाऱ्यावरचं बघते. आलेली क्रेट समुद्राच्या पाण्याच्या हौदात ठेवते आणि तिथून पार पॅरिसपर्यंत विकते. दोघांचा एकमेकांवर फार जीव आहे, असं गावात म्हणतात. गावाला शेडमधलं ऐकू येत नाही.

"मी उतरवली तितकी क्रेट तुझ्या वहीत का दिसत नाहीत?" लेंडर्ट विचारायचा.

"कारण तू बगळेसुद्धा मोजतोस, लेन. पांढरं दिसलं की धर कालव."

"आणि तू गिऱ्हाइकांना गोड बोलून फुकट वाटतेस."

"वाटते. तुझ्याशी बोलताना उरलेलं गोड कुठे खर्च करू?"

हे भांडण वर्षभर चालायचं आणि एकतीस डिसेंबरला मिटायचं. त्या दिवशी खूस गावातून ऑडिटर वेरहाखेसाहेब यायचे. कंपनी कायद्याच्या मापात मध्यम होती, त्यामुळे ऑडिट सक्तीचं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ऑडिटरनं साठा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. साहेब पहिल्यांदा आले ते पॉलिश केलेल्या बुटांत. त्या बुटांचं हौदात काय झालं ते मी सांगत नाही, तेही आमचेच भाऊबंद. त्याच आठवड्यात मिनानं आम्हाला आणलं. शेडमध्ये सत्तेचाळीसचा पाय दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणून आम्ही वर्षातून एकच दिवस कामावर. तीनशे चौसष्ट दिवस सुट्टी असलेला नोकरदार पाहायचा असेल तर माझ्याकडे पाहा.

पण काय दिवस असायचा तो. साहेब उंच, जरा पोक आलेले, खिशात दोन पेन्सिली. एक पाण्यात पडली तर दुसरी. काठावरून ते काही मोजायचे नाहीत. "दिसतंय ते वेगळं आणि आहे ते वेगळं," म्हणायचे आणि शिडीनं थेट हौदात उतरायचे. क्रेटला हात लावल्याशिवाय टिपण नाही. मग एक आकडा सांगायचे. तो आकडा लेंडर्टचा नसायचा, मिनाचाही नसायचा. दोघं कुरकुरायची, मान डोलवायची आणि पुढचं वर्ष सुरू व्हायचं.

दर वर्षी लेंडर्ट एक कालव फोडून साहेबांपुढे धरायचा.

"एकच घ्या. लिंबूसुद्धा पिळलंय."

"नको. ज्यांचं तपासायचं त्यांचं काही घेऊ नये, असा आमचा नियम आहे."

"एका कालवानं तुमचं इमान विकलं जातं का?"

"कितव्या कालवानं जातं ते मला माहीत नाही, म्हणून पहिलंच नको."

आणि ते डब्यातून घरचा पाव-चीज काढायचे, स्वतःच्या थर्मासमधली कॉफी प्यायचे. मिनाच्या हातचे ओलीबोल, ते तळलेले गोड गोळे, पिठीसाखर भुरभुरून समोर असायचे. तेही नको. लेंडर्टला हे फार लागायचं. "माणूस चांगला आहे, पण आपल्याला हलकं समजतो," असं तो क्रेट रचताना पुटपुटायचा. मला खरं ठाऊक होतं. लिंबाचा वास आला की बुटात साहेबांच्या पायाची बोटं आवळायची.

दुसऱ्या वर्षी मात्र ते झालं. साठ्यात समुद्रातल्या पट्ट्याही येतात, म्हणून ओहोटीला साहेब लेंडर्टबरोबर चिखलात चालत गेले. परतताना माझा भाऊ रुतला. साहेबांनी ओढलं, पाय बाहेर आला, तो आला नाही. पाणी चढू लागलं होतं. लेंडर्ट ओरडला, "सोडा तो बूट," आणि साहेबांचा हात धरून निघाला. साहेबांनी सोडला. मी दुसऱ्या पायात होतो, मला जावंच लागलं. मागे वळून पाहायला बुटाला मान नसते. साहेबांनी वहीत लिहिलं, उजवा बूट, समुद्रात. पुढे काही नाही. लेंडर्ट हसत होता, मिना हसत होती, मीच तेवढा पाण्यानं गच्च भरलो होतो. मला कुणी उपडा केला तेव्हा सगळ्यांना वाटलं, समुद्राचं पाणी.

एका दिवसासाठी नवी जोडी कोण घेणार? कुठून तरी एक उजवा आला. हिरवा, सदा खूश, अठ्ठेचाळीस नंबरचा. साहेब दोन मोजे चढवून तो घालायचे. मी त्याच्याशी पहिली तीन वर्षं बोललो नाही. त्यानं मनाला लावून घेतलं नाही. बडबड करत राहिला, आणि खरं सांगतो, त्याच्या बडबडीनंच मी वाळलो.

मग ब्रसेल्सहून कळलं. महागाई वाढली म्हणून तिथल्या, युरोपभरचे नियम करणाऱ्या लोकांनी कंपनी लहान कधी आणि मध्यम कधी हे ठरवणाऱ्या रेषा वर सरकवल्या होत्या. आमच्या देशानंही तसा कायदा केला. साहेब स्वतः शेडमध्ये येऊन सांगून गेले, शरद ऋतूत, माझ्याकडे न बघता.

"तुम्ही आता लहान. ऑडिट सक्तीचं नाही."

"काल झोपलो तेव्हा मध्यम होतो," लेंडर्ट म्हणाला, "उठलो तर लहान. आणि वजन तर एक किलो उतरलं नाही."

मिनानं विचारलं, "आणि तुमचं काय, साहेब?"

"माझी अशी नऊ गिऱ्हाइकं लहान झाली. भागीदार म्हणतो, काळजी करू नका, ब्रसेल्सनं एका हातानं काम काढलं तरी दुसऱ्या हातानं तपासायला नवे कागद दिलेत. मला कागदाचं काही नाही. मला हौदात उतरायला आवडायचं."

भावंडं आनंदली होती. ऑडिटची फी वाचली, त्यात मिनाच्या मनात नवा पंप होता आणि लेंडर्टच्या मनात दोन पंप.

एकतीस डिसेंबर उजाडला. दोघांनी आपापलं मोजलं. लेंडर्टनं वहीतून, मिनानं काठावरून. त्याची बाराशे चौदा क्रेट, तिची अकराशे सत्तर.

"चव्वेचाळीस क्रेट कुठे गेली, मिना?"

"जिथून आलीच नाहीत तिथे."

"म्हणजे मी खोटं लिहितो?"

"म्हणजे मी चोरते?"

याआधी हे शब्द कधी आले नव्हते. मधे साहेब असायचे ना. लेंडर्टनं टोपी काढून क्रेटवर आपटली. "पुरे. नव्या वर्षात वाटणी करू. हौद तुझे, पट्ट्या माझ्या. एका पोटी आलो म्हणून पोटापाण्यात एकत्र असायला हवं असं नाही."

मिनानं पिठाचा हात पुसला. मग फोन उचलला आणि साहेबांना बोलावलं. मी खिळ्यावर होतो, हिरवा शेजारी, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, की यांनी एकमेकांना सोडू नये. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

चाळीस मिनिटांत साहेब आले. पण क्रेटला हात लावेनात. आधी कागद काढला.

"मी आता तुमचा ऑडिटर नाही. फक्त मोजेन आणि मोजलं ते लिहून देईन. हिशेब खरा की खोटा यावर मत देणार नाही. कबूल असेल तर दोघांनी सही करा."

"मत नको," लेंडर्ट म्हणाला. "आमच्या घरात मतांची टंचाई नाही."

सह्या झाल्या. साहेबांनी मला घातलं, हिरव्याला घातलं आणि शिडीनं हौदात उतरले. ओहोटी पार तळाला गेली होती. हात लाव, टिपण कर, हात लाव, टिपण कर. पूर्वेच्या कोपऱ्यात, चालायच्या फळीखाली, मला टाचेशी काहीतरी ओढ लागली. अगदी हलकी, झोपेत कुणी चादर ओढावी तशी. साहेब थांबले.

"इथलं पाणी चाललंय कुठेतरी," ते म्हणाले आणि वाकून फळीखाली शिरले.

तिथे क्रेट होती. नाताळच्या घाईत जागा नव्हती म्हणून कामावरच्या पोरांनी आत सरकवलेली. साहेबांनी एकेकाला हात लावत मोजली. चव्वेचाळीस. कालवांची तोंडं घट्ट मिटलेली होती, म्हणजे जिवंत होती, पण वरचे थर पाण्याबाहेर उघडे पडले होते. समुद्राकडच्या झडपेचं रबर झिजलं होतं आणि ओहोटीबरोबर हौदाचं पाणी बाहेर झिरपत होतं. संध्याकाळी कडक थंडी पडणार होती, उघडी कालवं गोठून मेली असती.

"बाराशे चौदा," साहेब खालून म्हणाले. "दिसणारी अकराशे सत्तर. दोन्ही आकडे बरोबर आहेत. हे मत नाही, मोजणी आहे."

लेंडर्ट काठावरून खाली वाकला. मग म्हणाला, "मिना, मी चोर म्हटलं नव्हतं हां."

"तू म्हटलं नाहीस. मीच म्हटलं, तुझ्या वतीनं. आता रबर आण."

"एकतीस तारखेला दुपारी रबर कोण विकतंय?"

मिनानं इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर आली. मला कळलं. तिलाही वाईट वाटलं असणार, कारण तिनं विचारलं, "साहेब, डावा काढता का?"

दोरखंड कापायच्या सुरीनं तिनं माझी नळी घोट्यापासून कापली. दुखलं का, असं हिरव्यानं विचारलं. नाही दुखलं. इतकी वर्षं गुडघ्याच्या वर चिखलसुद्धा लागला नव्हता मला, रबर नव्यासारखं होतं. लेंडर्ट पाण्यात गुडघे टेकून बसला, कमरेपर्यंत भिजला, नेहमीच्या पँटमध्ये. मिना त्याच्या शेजारी. त्यानं पट्टी धरली, तिनं खिळे ठोकले.

"वर धर, लेन. वर. तुला वर कुठे ते कळतं ना?"

"लहान कंपनी आहे, बाई, वर फारसं उरलेलं नाही."

ती हसली आणि हातोडी त्याच्या अंगठ्यावर बसली. तोही हसला, थोड्या वेळानं.

मिनानं हौदाच्या भिंतीवर, पाण्याच्या कडेशी, खडूनं रेघ ओढली. आता पाणी रेघेखाली उतरतं का ते बघत थांबायचं होतं. साहेब उपड्या क्रेटवर बसले, एक पाय हिरव्या बुटात, एक ओल्या मोज्यात. लेंडर्टनं सवयीनं कालव फोडलं, लिंबू पिळलं, पुढे धरलं. साहेबांचा हात सवयीनंच "नको" म्हणायला वर आला, आणि तसाच हवेत राहिला.

"आता मी तुमचा कुणी नाही," ते सावकाश म्हणाले.

"तेच तर," लेंडर्ट म्हणाला.

साहेबांनी खाल्लं. डोळे मिटून. मग आणखी पाच खाल्ली, मग ओलीबोल, नाकाला साखर लागली तरी पुसली नाही. "अकरा वर्षं," एवढंच म्हणाले. लेंडर्टनं त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की एक पेन्सिल हौदात पडली.

"पुढच्या वर्षी याल ना?" मिनानं विचारलं.

"तुम्ही बोलावलंत तर. कायदा बोलावणार नाही."

वाचकहो, आता माझा पंजा शेडच्या दाराला टेकण म्हणून असतो आणि नळी हौदाच्या झडपेवर. हिरवा खिळ्यावर एकटा आहे, कुणी तिकडे गेलात तर त्याच्याशी दोन शब्द बोला. मला दुःख नाही. निम्मा इथे, निम्मा तिथे असलो तरी दोन्हीकडे कामाला आहे, आणि वर्षातून एक दिवस नाही, रोज.

त्या दुपारी ओहोटी बाहेरून खेचत होती. सगळा समुद्र एका हाताइतक्या रबराला ओढत होता. वर भाऊ आणि बहीण खांद्याला खांदा लावून भिंतीवरच्या रेघेकडे बघत उभी होती, वाटणीचं कुणी बोलत नव्हतं. मी दात नसताना दात आवळले आणि पाणी धरून ठेवलं.