तांबडी ओळ

आमचे वडील, अण्णा, गेल्यावर दादाने औषधांच्या दुकानातला कारभार नव्याने लावायला घेतला. पुढच्या काउंटरवरच्या संगणकावर प्रोग्रामची नवी आवृत्ती बसली. मागच्या खोलीत आमचे जुने कंपाउंडर काका मलमं आणि सिरपं तयार करतात. तिथला संगणक अण्णांचा. त्याला नवी आवृत्ती पेलणार नव्हती.

"भंगारात देऊन टाकू," दादा म्हणाला.

"जुन्या आवृत्तीवर चालतोय ना? मग राहू दे," मी म्हटलं.

पडद्याच्या कोपऱ्यात जोडलेल्या यंत्रांची नावं दिसतात. त्यात 'अण्णा' होतं, शेजारी हिरवा ठिपका. तो मला विझवायचा नव्हता.

दादाने जोडणी तपासली. पुढे गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की मागे उमटत होतं. कुठेच काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका हात पुसत बाहेर आले. "ताई, लोक सुधारले हो! सकाळपासून एकालाही कसली ॲलर्जी नाही."

"मजा आहे मग तुमची," दादा हसला.

मला हसू आलं नाही. मागे जाऊन मी ग्रंथपालबाईंचं नाव उघडलं. सिरप टिकावं म्हणून घालतात ते द्रव्य त्यांना चालत नाही. एकदा त्यांचा गळा सुजून श्वास कोंडला, तेव्हा अण्णाच त्यांना घेऊन धावले होते. तेव्हापासून त्यांच्या नावाखाली शेऱ्यात ॲलर्जीची तांबडी ओळ असे. आज तिथे पांढरी, स्वच्छ जागा होती.

काउंटरवर येऊन पाहिलं. ओळ होती, पण नव्या आवृत्तीने ती शेऱ्यातून उचलून वेगळ्या रकान्यात ठेवली होती. अण्णांच्या यंत्राला तो रकाना ठाऊकच नव्हता. न कळलेलं त्याने गुपचूप गाळलं होतं.

"काका, बाईंचं सिरप?"

काकांचा चेहरा उतरला. "मघाशीच नेलं. ताई, ओळ नव्हती हो. मी नेहमीसारखंच केलं."

दादाने बाईंना फोन लावला. मी मागे जाऊन, खाली वाकून अण्णांच्या यंत्राची वायर उपटली. आतला पंखा घरघरत थांबला. बाहेर आले तेव्हा काउंटरच्या पडद्यावर अण्णांच्या नावाशेजारचा ठिपका करडा झाला होता.

"उचलत नाहीयेत," दादा म्हणाला.

"एकट्याच असतात त्या," काका पुटपुटले.

"तू लावत राहा," म्हणत मी धावत सुटले.

बाईंच्या जिन्यात पोचले तेव्हा बंद दाराआड फोन वाजत होता.