उम्म-रुमानचं गाणं

हिक्मतने थांबण्याची खूण म्हणून व्हायोलिनचा गज उंच धरला, पण गाणं काही थांबेना. कोरसमधल्या बायका-पुरुषांच्या माना कागदात होत्या. शेवटी त्याने समोरचं स्टँड खडखडा हलवलं तेव्हा कुठे एकेक आवाज गळत गेला. सर्वांत शेवटी ढोलवाला थांबला.

"बास! विजयाचं गाणं आहे हे. रांगेत उभं राहून गाताय असं वाटतंय."

"रांगेतूनच तर आलोय, उस्ताद," मागून कुणीतरी म्हणालं. "अंड्यांच्या."

सगळे हसले. काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक याकूब तेवढा हसला नाही. त्याचा आवाज स्पीकरमधून आला, "सातव्यांदा फीत मागे घेतोय. माझं काही म्हणणं नाही. फीत मात्र झिजते."

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. गाणं दुपारी अडीचच्या बातम्यांनंतर लागायचं होतं, आणि साडेपाचला बसऱ्याची गाडी सुटायची होती. हिक्मतच्या डोक्यात सकाळपासून या दोनच वेळा घुमत होत्या.

त्या गाडीने त्याचा सिनान आघाडीवर परत जायचा होता. सात दिवसांच्या रजेवर आला होता पोरगा, आणि सातांतले पाच दिवस बाप या स्टुडिओत कोंडलेला. लढाईला जोर चढला की रेडिओवर गाण्यांनाही जोर चढायचा. दिवसाचं गाणं पुरं होण्याआधी वादकांनी घरी जायचं म्हटलं तरी फाटकावरचा पहारेकरी सोडायचा नाही. बाहेरचे टेलिफोन बंद. संचालकांच्या सहीची चिठ्ठी असेल तरच बाहेर. बापलेकांनी आठवड्यात एकत्र जेवण केलं ते दोनदा. आज पहाटे हिक्मत निघाला तेव्हा सिनान झोपलेला होता, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसाच. उठवायचा धीर झाला नाही. "स्टेशनवर येतो म्हणावं," एवढं बायकोला सांगून तो बाहेर पडला. मागच्या रजेलाही त्याने हेच सांगितलं होतं, आणि पोचला तेव्हा फलाटावर झाडूवाला तेवढा होता.

आजही पोचलो नाही तर? या युद्धाच्या सहाव्या वर्षात हा प्रश्न कुणी पुरा करत नसे.

"आठवा प्रयत्न," याकूब म्हणाला. तांबडा दिवा लागला.

*उम्म-रुमानच्या पल्याड उद्या झेंडा आमचा डोलेल...*

उम्म-रुमान ही दक्षिणेकडच्या दलदलीतली एक टेकडी. तीन दिवसांपूर्वी तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. वाद्यवृंदाला मात्र होतं, कारण अबू सिनानचा मुलगा सात महिने तिथेच बिनतारी संदेशांच्या तुकडीत होता. हिक्मतला त्याच्या नावाने हाक मारणारं स्टुडिओत कुणी नव्हतं. तो सगळ्यांचा अबू सिनान, सिनानचा बाप. म्हणून गाण्यात ते नाव आलं की दोन-चार नजरा हळूच त्याच्याकडे वळायच्या आणि पुन्हा कागदात शिरायच्या. त्या नजरांनी त्याला घाम फुटत होता. कारण पोरगा टेकडीवर नव्हता. तो इथून चार मैलांवर आईच्या हातचं जेवत होता, आणि हे हिक्मतने कुणालाच सांगितलं नव्हतं.

सांगणार कसं? कोरसच्या पहिल्या रांगेत उम्म वलीद उभी होती. तिचा वलीद तीन वर्षांपूर्वी एका रात्रीच्या हल्ल्यात गेला तो गेलाच. ना प्रेत, ना पत्र, ना कैद्यांच्या यादीत नाव. कुणाचा मुलगा रजेवर आला असं कानावर पडलं की ती उठून हात धुवायला जायची आणि बराच वेळ नळ चालू ठेवायची. तेव्हापासून स्टुडिओत रजेचा विषय बंद झाला होता. शिवाय दृष्ट लागते. आलेल्या मुलाबद्दल बोलू नये, तो पुन्हा सुखरूप येईपर्यंत तर नाहीच नाही.

आठवा प्रयत्न चांगला झाला. म्हणजे वाईट झाला नाही. हिक्मतने गज खाली ठेवला न ठेवला तोच दार उघडून शाकिर आत आला. गाणं त्यानेच लिहिलेलं. तरुण होता, अंगात लष्करी रंगाचा गणवेश होता, बंदूक मात्र त्याने कधी हातात धरली नव्हती.

"थोडा बदल आहे," शाकिर म्हणाला. "वरून फोन आला होता. 'पल्याड' काढायचं."

"का?"

"शब्द जड वाटतो म्हणतात. आता असं घ्या: 'उम्म-रुमानच्या मातीत आमचे पाय घट्ट रोवलेले.'"

"अरे बाबा, चाल उड्या मारत चाललीय आणि तू पाय रोवतोस?"

"मी नाही रोवत, अबू सिनान. वरून रोवलेत."

अकरा वाजले. चाल मोडून नवी बांधावी लागली. सारंगीवाल्याची तार तुटली, वीज गेली आणि आली, कोरसमधल्या एकीला चक्कर आली. पाय रोवता रोवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. पण हिक्मत मध्येच थांबून त्या ओळीकडे पाहत राहिला. सकाळी पल्याड होतो. आता मातीत आहोत. शब्द जड होता म्हणे.

साडेबारा वाजता त्याने हिय्या केला आणि वरच्या मजल्यावर संचालकांच्या खोलीत गेला.

"साहेब, चार वाजता सोडाल का? दाढ फार दुखतेय."

संचालकांच्या टेबलावर तीन फोन होते आणि तिन्हींवर त्यांची नजर होती. "दाढ? व्हायोलिन दातांनी वाजवता का तुम्ही?"

"नाही, पण..."

"पण नाही आणि बिण नाही. मैदानावर पोरांचे हातपाय तुटतायत, आणि रेडिओवरच्या माणसाची दाढ दुखतेय! हे मी वर सांगू? गाणं द्या आणि जा."

तो खाली आला. ताकाला जाऊन भांडं लपवल्यावर दुसरं काय पदरात पडणार? उलट स्टुडिओत बातमी पसरली. उम्म वलीदने पर्समधून लवंग काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"दाढेखाली धरा. रात्रभर झोपला नसाल. डोळे बघा कसे झालेत."

"बरं आहे आता."

"बरं कसलं! मला कळतं हो अबू सिनान. दुखणं कुठलं आणि माणूस बोट कुठे ठेवतो." तिने आवाज खाली आणला. "काही होणार नाही तुमच्या पोराला. मी रोज नाव घेते त्याचं. वलीदच्या मागून त्याचंच."

हिक्मतने लवंग तोंडात टाकली. ती तिखट लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचा इतका राग त्याला क्वचितच आला असेल.

एक वाजता शाकिर पुन्हा आला. या वेळी तो दारातूनच बोलला.

"'उम्म-रुमानची वाट अडवून आम्ही उभे.' एवढं करा. चाल तीच ठेवली तरी चालेल."

वाट अडवायची म्हणजे टेकडी मागे सोडून रस्त्यावर यायचं, एवढं समजायला सेनापती असावं लागत नाही. याकूबने काचेपलीकडे चष्मा काढून पुसला. अडीचच्या बातम्यांत निवेदकाने खणखणीत आवाजात सांगितलं की उम्म-रुमानवर शत्रूचं कंबरडं मोडलं. त्यानंतर लावायला गाणं तयार नव्हतं म्हणून गेल्या वर्षीचं कूचगीत लावलं.

हिक्मत चेलोवाल्या कैसशेजारी खुर्चीत बसून राहिला. त्याला परवाच्या जेवणातला सिनान आठवला. भाताचा घास तसाच हातात धरून पोरगा बोलत होता: तुकडीतला कासिम, जो चहात वेलदोडे इतके घालतो की चहा पिववत नाही, हब्बानिया गावचा जुळ्यांचा बाप, एक कुर्द पोरगा, जो झोपेत गातो. आपण त्यातलं निम्मंच ऐकलं. निम्मा वेळ डोक्यात या गाण्याची चाल चालली होती.

आता पोरगा कुठे परत जाणार होता? आणि त्याला माहीत तरी होतं का? गाडी चुकवायची सोय नव्हती. हजर न होणाऱ्याला कुठल्या भिंतीपाशी उभं करतात ते शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जायला तर हवंच होतं. फक्त आधी एकदा भेटायचं होतं. अर्धा तास. दहा मिनिटं. खिडकीतून हात तरी.

"घ्या हो पुन्हा!" तो एकदम ओरडला. "घ्या! चार वाजेपर्यंत हे संपवायचंय मला!"

अकरावा, बारावा, तेरावा प्रयत्न. वाट अडवून सगळे उभे राहिले, पण आवाजात जीव म्हणून नव्हता. हिक्मतने विनवून पाहिलं, चिडून पाहिलं, एका गायकाला बाहेर काढतो म्हणून दम भरला. पालथ्या घड्यावर पाणी. चार वाजले. चार वाजून दहा मिनिटं झाली.

सव्वाचारला शाकिर आत आला तेव्हा त्याच्या हातात एकच कागद होता, आणि तो त्याने हिक्मतला न देता याकूबच्या सहायिकेला दिला. ती ओळ तिने वाचली नाही. तिने कागद उम्म वलीदकडे सरकवला. उम्म वलीदने ओठ हलवत वाचलं, आणि मग मोठ्याने, गात नव्हे, बोलत:

"'उम्म-रुमानच्या वीरांनो, निजा तुम्ही मातीत. एकही मागे फिरला नाही...'"

ढोलवाल्याचा हात ढोलावरून घसरला, तेवढाच आवाज झाला.

"एकही?" कैसने विचारलं.

शाकिरने जमिनीकडे पाहत मान हलवली. "संथ चालीत घ्या म्हणतात. रात्रीच्या बातम्यांत जाहीर होईल. तोवर बाहेर बोलायचं नाही."

हिक्मत उभा होता. कासिम, त्याच्या मनात आलं. जुळ्यांचा बाप. आणि मग त्याच्या लक्षात आलं की सगळा स्टुडिओ आपल्याकडे बघतोय. कैसने त्याच्या हातातला गज हळूच सोडवून घेतला. कुणीतरी त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. चौदा वर्षं ज्याच्याशी अबोला होता तो बासरीवाला त्याच्या हाताचं चुंबन घेत होता.

"अरे, नाही... ऐका, माझा सिनान..."

"बोलू नका," उम्म वलीद म्हणाली. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून आपल्या खांद्यावर घेतलं. मग त्याच्या कानाशी, त्याच्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू बोलली, "निदान तुम्हाला कळलं तरी. मला तेवढंसुद्धा नाही मिळालं."

हिक्मतने डोकं तिच्या खांद्यावर तसंच राहू दिलं.

संचालक स्वतः खाली आले होते. त्यांनी टोपी काढली आणि बाहेर जाण्याच्या चिठ्ठीवर उभ्याउभ्याच सही केली. "घरी जा, अबू सिनान. मघाशी मी जे बोललो... उद्या परवा वर्तमानपत्रवाले येतील तुमच्याकडे, त्यांचं नंतर पाहू. आता जा."

घड्याळात चार पंचवीस झाले होते. बस मिळाली तर स्टेशन अर्ध्या तासावर. खरं सांगितलं तर सगळे आनंदाने ओरडतील, उम्म वलीद हात धुवायला जाईल, आणि चिठ्ठी संचालकांच्या खिशात परत जाईल. गाणं अजून व्हायचंच होतं. खोटं सांगितलं, नव्हे, खोटं तर त्याने सांगितलंच नव्हतं. फक्त हात पुढे करायचा होता.

हिक्मतने हात पुढे केला आणि चिठ्ठी घेतली. व्हायोलिन खुर्चीवरच राहिलं.

बोळातून जाताना छतालगतच्या स्पीकरवर त्याला आतलं ऐकू येत होतं. त्याच्या जागी कैस उभा राहिला असावा. उम्म वलीदने पहिला सूर लावला, मग एकेक करून बाकीचे आले, आणि सगळे असे गाऊ लागले की हिक्मतचे पाय थबकले. सकाळपासून तो घसा कोरडा करून हेच मागत होता. ही माणसं त्याच्या पोरासाठी गात होती. भिंतीला हात लावून तो दोन ओळी ऐकत राहिला आणि मग तिथे उभं राहणं त्याला सोसेना.

फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने चिठ्ठी वाचलीच नाही. आतून कुणीतरी त्याला कळवलं असावं. त्याने बंदूक भिंतीला टेकवली, फाटकाच्या अडसरावर एक हात ठेवला आणि दुसरा छातीवर.

"तुमच्या सिनानवर अल्लाची रहम असो, अबू सिनान. त्याला जन्नत मिळो."

मेलेल्यासाठी म्हणतात ती दुआ. म्हातारा उत्तरासाठी थांबला होता. उत्तर मिळाल्याशिवाय अडसर काढणं त्याला बरं दिसलं नसतं. रस्त्याच्या टोकाला बस वळताना दिसत होती.

"आमीन," हिक्मत म्हणाला, आणि फाटक उघडताच पळत सुटला.