‘नो डिस्चार्ज’

मित्रांनो, इंग्रजी शब्द डावीकडे आणि त्याचे बंगाली अर्थ उजवीकडे, अशा बेताने छापलेला मी एक जुना, जाडजूड शब्दकोश आहे.

माझा जन्म छापखान्यातला. तिथे अक्षरांचे खिळे जुळवणारे एक गृहस्थ होते. एका अर्थाचा सरळ शब्द आला की ते खूष असत. पुष्कळ अर्थांचा आला की चष्मा पुसत पुटपुटत, "एका खोलीत चार बिऱ्हाडं! भांडणं नाही होणार तर काय?" पुढे बांधणीवाल्याने मला जाड दोऱ्याने शिवले, लाल कापडी पुठ्ठा चढवला आणि मी दुकानात जाऊन बसलो.

तिथून मला एका मामाने विकत घेतले. त्याची भाची लग्न होऊन सुतार नवऱ्याबरोबर परक्या मुलखात निघाली होती. "तिकडं बोलायला अडलं की याला विचारत जा," तो म्हणाला. ती दोघे आपसात बंगालीतच बोलत. मी तुम्हाला ते मराठीत सांगतो आहे.

पहिली वर्षे भरपूर कामाची गेली. भाड्याच्या खोलीत ओट्याजवळच्या फळीवर माझी जागा होती. डब्यांवरचे, बसवरचे, घरमालकाच्या पाटीवरचे शब्द ती माझ्यात शोधी. तिच्या पिठाच्या बोटांचे ठसे माझ्या पानांवर अजून आहेत. सुतार हसून म्हणे, "मामानं तुला लग्नात मास्तरच आंदण दिलाय!"

एके दिवशी कारखान्यात फळ्यांची चळत कोसळली आणि सुताराची पोटरी फाटली. त्याला इस्पितळात ठेवले. बायको रोज मला काखेत मारून जाई.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा वॉचमन होता. तो कितीतरी दिवस तिथेच होता आणि नुकताच त्याचा एक पाय कापला होता. सुतार त्या रिकाम्या जागेकडे पाही आणि मान वळवी.

एका सकाळी डॉक्टर आले. त्यांनी पट्टी सोडली, जखम निरखली आणि खुशीत म्हणाले, "नो डिस्चार्ज! व्हेरी गुड!" मग ते पुढच्या खाटेकडे गेले.

बायकोने मला उघडले. ‘डिस्चार्ज’ या शब्दाखाली माझ्यात चार अर्थ आहेत. पहिला बंदूक झाडण्याचा. दुसरा कामावरून काढण्याचा. तिसरा ‘खालास’, म्हणजे बंगालीत सुटका. मराठीत खलास म्हटले की काय समजतात ते तुम्ही जाणताच. तिचे बोट तिसऱ्यावर थांबले. तिला हवा तो अर्थ मिळाला होता. तिने मला मिटले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "सोडणार नाहीत म्हणे."

"कधीच नाही?"

"नो म्हणाले. आणि वर छान म्हणून हसले!"

सुताराने वॉचमनच्या खाटेकडे पाहिले. "याचंही असंच झालं असणार. आधी माणूस ठेवून घेतात, मग पाय घेतात. अगं, पाय गेला तर मी रंधा मारायला उभा कसा राहू? चल, निघू या."

दुपारी भेटीच्या वेळेला गर्दी झाली. त्या गर्दीतून ती दोघे मागच्या जिन्याकडे सरकली. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. अर्ध्या जिन्यात त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तो धपकन पायरीवर बसला, ती त्याला सावरायला वळली आणि मी तिच्या काखेतून सुटून खालच्या वळणावर पाठीवर आपटलो. माझी शिवण तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. पुन्हा पाहिले तर त्याची पांढरी पट्टी लाल होत होती.

वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या. "वेड लागलंय का? कुठं निघालात या पायानं?"

बायकोने मोडक्यातोडक्या इंग्रजीत जीव तोडून सांगितले, "तुम्ही नाही सोडणार! डॉक्टर बोलले, नो डिस्चार्ज!"

सिस्टरनी कपाळावर हात मारला. जखमेकडे बोट दाखवून त्यांनी काहीतरी वाहत असल्याची खूण केली, नाक मुरडले. "ते पिवळं! वास येतो ते! ते नाही. नो!"

बायको खाली धावली, तिने मला उचलले. बोट तिसऱ्या अर्थावरून खाली घसरले. चौथा अर्थ होता ‘पुँज’, म्हणजे पू.

ती तिथूनच वर ओरडली. "अहो, पू नाही म्हणाले हो! जखम बरी होतेय म्हणाले!"

सुतार वेदनेने घामाघूम झाला होता. तरी तो म्हणाला, "मग आपण जिना कशाला उतरलो?"

टाके उसवले होते. जखम चिघळली आणि जो पू नव्हता तो आता खरोखरच झाला. डॉक्टर पट्टी सोडत, एकच शब्द उच्चारत आणि हसत नसत. एकदा ते सिस्टरशी पायाविषयी हलक्या आवाजात बोलले. बायकोने मला उघडले नाही. तो शब्द तिला आता माझ्याशिवाय कळत होता. ती खाटेशी बसून राही आणि दुसरा, धडधाकट पाय चेपत राही.

मी खाटेखालच्या पिशवीत होतो. माझ्यात चारही अर्थ शाबूत होते आणि त्यांतला एकही कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

बऱ्याच दिवसांनी डॉक्टर पुन्हा वाकले, कापूस उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "नो डिस्चार्ज."

नवराबायको एकमेकांकडे पाहून हसायला लागली. हसता हसता ती रडली. डॉक्टरांना काही उमगेना. त्यानंतर तिसरा अर्थही यथावकाश मिळाला आणि सुतार आपल्या दोन्ही पायांवर, जरासा लंगडत, घरी आला.

आता ती आजी झाली आहे. घरात सगळ्यांकडे फोन आहेत. मी कपाटावर, जुन्या उशांच्या मागे असतो. धूळ बसते, कधी पाल पळते. माझी तक्रार नाही.

परवा शेजारची नवी सून फोन हातात घेऊन रडत आली. "आजी, ह्यांचा निरोप आलाय, टर्मिनलला आहे म्हणून. मी अर्थ बघितला. शेवटचा आजार दाखवतंय!"

आजीने मला काढायलाही हात वर केला नाही. तिने विचारले, "तो काम काय करतो गं?"

"बस चालवतात."

"मग बस ठेवायला गेला असेल. डोळे पूस. चहा टाकते."

मित्रांनो, आम्हाला वाळवीपासून जपा, ओल्या जागी ठेवू नका. आणि शब्द विचारायला याल तेव्हा तो कुणी म्हटला, कुणाला, काय करताना, हेही बरोबर घेऊन या. अर्थ आमच्याकडे पुष्कळ असतात. माणूस मात्र तुम्हालाच पाहावा लागतो.