गार पाण्याची कळ

दाढ ठणकायला लागली की माणूस देवालाही शिव्या घालतो, पण त्या ऐकायला घरात कुणीतरी असावं लागतं. शेलार गावच्या पुतळाबाईचे तिथंच वांधे होते. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती लेक गणेशपुरीला दिलेली, आणि कामाला कुठं, तर भिवंडीच्या लूमच्या कारखान्यात, कांड्यांवर सूत भरायला. तिथं पन्नास लूम एकदम खडखडतात. शेजारणीशी बोलायचं तर हातवारे करायचे. हातवाऱ्यांनी पाणी मागता येतं. जिवाचं काय सांगणार, कपाळ?

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिची दाढ धरली. चार दिवस तिनं लवंग दाबली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून डोकेदुखीची गोळी हिरडीवर ठेवली, तर हिरडीच भाजून निघाली. गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट कानात जायची. शेवटी गाल धरून ती बाजारातल्या सुधीर डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर नवा, पण हाताचा हलका. त्यानं इंजेक्शन दिलं, दाढेला भोक पाडलं, आतली सुजलेली नस काढली, औषधाचा बोळा ठेवला आणि वर कच्चं सिमेंट लावलं. मधेमधे विचारायचा, "दुखतंय का, मावशी?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. सहा वर्षांत तिच्या उत्तरासाठी असं कुणी थांबलं नव्हतं.

कळ गेली ती गेलीच. एरवी कळ गेली की लोक परत तोंड दाखवत नाहीत, गरज सरो वैद्य मरो. पुतळाबाई मात्र पुढच्या शुक्रवारी, लूमच्या सुट्टीला, धुवट लुगडं नेसून हजर. डॉक्टरनं हत्याराच्या दांड्यानं दाढेवर टकटक केलं.

"दुखतंय?"

"हाय थोडं," ती म्हणाली. साफ खोटं.

त्यानं बिचाऱ्यानं बोळा बदलून पुन्हा बोलावलं. असे तीन शुक्रवार गेले. जेवण जातं का, झोप लागते का, तो विचारायचा आणि ती सगळं सविस्तर सांगायची. तिसऱ्या शुक्रवारी तो म्हणाला, "पुढच्या खेपेलाही ठोकल्यावर दुखलं, तर दाढ काढून टाकू."

आली का पंचाईत! दुखत नाही म्हणावं तर जाणं बंद. दुखतं म्हणावं तर दाढही गेली आणि जाणंही. आठवडाभर कांड्या भरता भरता तिनं डोकं चालवलं आणि शुक्रवारी खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं, "ठोकल्यावर न्हाय दुखत आता. पन गार पानी लागलं का कळ येते. पयल्यासारखी."

डॉक्टरनं बर्फाचा खडा आणवला आणि दाढेला लावला. पुतळाबाईनं डोळे गच्च मिटले, खुर्चीचे हात आवळले आणि "आई गं" म्हणून विव्हळली.

त्यानं बर्फाचा खडा बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाला, "मावशी, या दाढेची नस मी पहिल्याच दिवशी काढलीय. तिला गार-गरम काही कळत नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "दुखत न्हाय, डाक्टर. त्या दिसापासून कदी दुखलंच न्हाय. घरात कोन न्हाय इचारनारं. तुमी इचारता, म्हून येते."

डॉक्टरनं मान खाली घालून दाढ पक्की भरून टाकली. बाहेर चार माणसं गाल धरून बसली होती. तरी त्यानं दिवा पुन्हा जवळ ओढला. "बाकीचे दात बघू. आ करा."

कुठंतरी बारीकशी कीड सापडावी, असं त्यालाही फार वाटत होतं. तिनं जबडा ताणून आ केला. त्यानं आरसा फिरवून एकेक दात तपासला, वरचे, खालचे, पुन्हा एकदा वरचे. खोटं सांगणं काही त्याच्याच्यानं होईना.

"सगळे चांगले आहेत, मावशी," तो म्हणाला. "आता यायची गरज नाही."

"बरं," म्हणाली पुतळाबाई, आणि खुर्चीवरून उतरून चपला शोधू लागली.