तिसरी पायरी

"मावशी, तो गॅस जरा बंद करा. बोलायचंय," पाळक प्रवीण म्हणाले.

इस्तरने गॅस बंद केला नाही. पातेल्यात मनुका उकळत होत्या, आणि मनुका अर्ध्यावर सोडल्या की रसाची चव बिघडते. पाळकांना ते माहीत असायचं कारण नव्हतं.

"बोला की. मला ऐकू येतंय."

उद्या महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा. आष्टी तालुक्यातल्या या गावात ख्रिस्ती घरं सगळी मिळून बावीस. त्यांच्या मेजावर गेली अकरा वर्षं इस्तरच्याच हातचा मनुकांचा रस आणि तिच्याच हातची बिनमिठाची जाड पोळी जात होती. एरवी ती जिल्हा परिषदेच्या शाळेत ऐंशी पोरांची खिचडी शिजवायची. नाव खरं एस्तेर. रेशनकार्डावर कुणा शहाण्याने 'इस्त्री' छापलं, गावाने त्याचं इस्तर केलं, आणि आता देवानेही त्याच नावाने हाक मारली असती तर तिने ओ दिली असती.

पाळक तिच्या भाच्याच्या वयाचे. इथल्या चर्चमध्ये नेमणूक होऊन आठ महिने झालेले. त्यांच्या मागे, उंबऱ्याबाहेर, पांढराशुभ्र सदरा घालून शलमोन उभा होता. इस्तरचा धाकटा दीर आणि मंडळीचा, म्हणजे गावच्या चर्चचा, मुख्य पंच. प्रभुभोजनाचं ताट रांगेतून फिरवायचा मान त्याचाच.

"चार वर्षं झाली, तुम्ही मेज मांडता आणि स्वतः मात्र घेत नाही," पाळक म्हणाले. "ताट आलं की पुढे सरकवून देता. लोक मला विचारतात. मनात शलमोनभाऊंविषयी वैर आहे म्हणून घेत नाही ना? मग ते मिटवू. उद्या मी तुम्हा दोघांना पुढे बोलावतो. तुम्ही फक्त 'माफ केलं' म्हणायचं. दोन शब्द."

"आन न्हाई म्हणलं तर?"

पाळकांनी घसा साफ केला. "तर मग वैराच्या हातची भाकर मेजावर ठेवणं मला बरं वाटत नाही. पोळ्या शलमोनभाऊंच्या घरून येतील. यापुढे नेहमीच."

इस्तरच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हातातला कालथा तिने पातेल्याच्या काठावर आपटला.

तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून शलमोन शांतपणे म्हणाला, "वैनी, झालं गेलं सोडा आता. मी तर तुमाला कवाच माफ केलंय."

माफ केलं म्हणे. कुणाला, तर हिला.

याकोब, म्हणजे इस्तरचा नवरा, तीस वर्षं गावाच्या ख्रिस्ती दफनभूमीची निगा राखत होता. कुणी नेमलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं. कुणाच्याही घरातलं माणूस गेलं की याकोब पहार खांद्यावर टाकून निघायचा. उन्हाळ्यात तिथली जमीन दगडासारखी व्हायची, पहार आपटली की ठिणगी उडायची. हाताला फोड आणून तो सहा फूट खणायचा, शिवाय आलेल्यांना पाणी पाजायचा आणि सगळे गेले की एकटाच माती सारखी करत बसायचा. शलमोनच्या, म्हणजे स्वतःच्याही, आईबापाची कबर त्यानेच खणली होती.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत याकोब गेला. दवाखान्यात अकरा दिवस काढले. भर मे महिन्यात, दुपारी बाराला त्याला घेऊन गाडी दफनभूमीच्या फाटकाशी आली. परवानगीचा कागद होता, खड्डा खणायला सरकारी माणसं होती, मागून रिक्षातून इस्तर होती. फाटकाला कुलूप होतं. चावी शलमोनकडे होती, कारण याकोबने दवाखान्यात जाताना ती त्याच्याच हातात दिली होती.

तिने फोन लावला. "आलो वैनी, चावी सापडंना, हुडकतोय," शलमोन म्हणाला. मग फोन उचलणंही बंद झालं.

दीड तास गाडी उन्हात उभी राहिली. गाडीचा ड्रायव्हर आष्टीचा सलीम. तो खाली उतरून तिच्याजवळ आला, पण अंतर राखून. "ताई, आमच्या कब्रस्तानात इचारू का? आमचे लोक न्हाई म्हणणार न्हाईत."

"नको भाऊ. माझा दीर येतोय," इस्तर म्हणाली.

दीर आला नाही. सरकारी माणसं म्हणाली, अजून दोन मयती थांबल्यात. गाडी फिरली आणि याकोबला आष्टीला नेऊन इतरांबरोबर जाळलं. प्रार्थना नाही, गीत नाही, मूठभर माती नाही. ज्याने अख्ख्या मंडळीला मातीत नीट झोपवलं, त्याला वितभर जमीन मिळाली नाही. सलीमला नको म्हटलं याचा राग इस्तरला शलमोनवरच्या रागाइतकाच होता, आणि तो राग कुणावर काढायचा हेही तिला कळत नव्हतं.

गावात बोलवा झाली की चावी हरवली होती. बिचारा शलमोन, किती शोधली. पण त्याच दिवशी संध्याकाळी इस्तर त्याच्या दारात गेली तेव्हा तो अंगणात अंघोळीला बसला होता, आणि कमरेच्या करगोट्याला ती चावी लोंबत होती. पितळेची, लांब दांड्याची. तिने ती तीस वर्षं स्वतःच्या घरात खुंटीला पाहिली होती.

ती लगेच भांडली नाही. लहानपणी रविवारच्या शाळेत तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं की भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांगायचं. ऐकलं नाही तर दोघांना बरोबर न्यायचं. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांगायचं. तीन पायऱ्या. इतरांनी त्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या, इस्तरने त्या खऱ्या मानल्या.

चाळीस दिवसांनी ती एकटी गेली. शलमोन म्हणाला, "वैनी, दुःखानं तुमचं डोकं ठिकाणावर न्हाई." सहा महिन्यांनी ती सलीमला आणि मंडळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आप्पांना घेऊन गेली. आप्पांनी चहा घेतला, गारपिटीवर बोलले आणि चपला घातल्या. सलीम मात्र स्पष्ट बोलला. त्यावर शलमोन म्हणाला, "आमच्या मंडळीच्या कामात तू कावून बोलतो?"

तिसरी पायरी राहिली. ती इस्तरने स्वतःहून अडवून धरली, कारण शलमोनच्या ऋतुजाला स्थळं येत होती. बापाचं नाव चारचौघांत निघालं असतं तर पोरीचं जमलेलं मोडलं असतं. पोरीने काय केलं होतं? गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. त्या लग्नात पुऱ्या इस्तरनेच लाटल्या. या सगळ्याला गाव 'वैर' म्हणत होतं.

तिने कालथा खाली ठेवला.

"बरं," ती पाळकांना म्हणाली. "उद्या बोलते. मंडळीसमोर बोलते."

पाळकांचा चेहरा उजळला. "देवाची स्तुती असो. बघा शलमोनभाऊ, मी म्हटलं नव्हतं?" ते खुशीत निघून गेले. शलमोन मात्र दोन पावलं जाऊन थांबला आणि एकदा वळून बघून गेला.

रविवारी उपासनेला सगळी बावीस घरं होती. उजवीकडे पुरुष, डावीकडे बाया, खाली सतरंज्या. गीत संपलं. राधाकिशनने ढोलकी बाजूला ठेवली. पाळकांनी मेजावरचं पांढरं कापड काढलं आणि हसून म्हणाले, "आज आपल्यात एक आनंदाची गोष्ट घडणार आहे. इस्तरमावशी, शलमोनभाऊ, पुढे या."

शलमोन हात पुढे करून उभा राहिला. इस्तरने पदर खोचला. तिने हाताकडे पाहिलं नाही.

"मला शास्त्रानं सांगितलं तसं मी केलं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "आधी एकटी गेलते. मग दोघं घेऊन गेलते. आता मंडळीला सांगती. माझ्या मालकाला आणलं तवा चावी हरवली नव्हती. चावी याच्या करगोट्याला व्हती. मी डोळ्यानं बघितली. मला याची माफी नको, मेजावरचा मान नको. चावी हरवली हे खोटं हाय, एवढं यानं बोलावं. खोट्याला माफ कसं करायचं ते मला कुणी शिकवलं न्हाई."

पाळकांचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, त्याचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"काय म्हनली?" आप्पांनी कानाला हात लावला. त्यांना आता फारसं ऐकू येत नव्हतं.

राधाकिशनने इकडेतिकडे पाहिलं. मग नाइलाजाने तो आप्पांच्या कानाशी ओरडला, "चावी शलमोनच्या करगोट्याला व्हती म्हनत्यात. हरवली नव्हती."

"मग?" आप्पा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "ते तर समद्यांलाच ठाऊक हाय."

इस्तरने वळून सतरंज्यांकडे पाहिलं. एकेकाची मान खाली जात होती. बाया पदर सारखा करत होत्या. पुरुष सतरंजीचे धागे ओढत होते. ज्या घरातल्या माणसासाठी याकोबने खड्डा खणला नाही असं बावीस घरांत एकही घर नव्हतं. चार वर्षं हे सगळे तिच्या हातची भाकर घेत होते आणि ती घेत नाही म्हणून आपसांत हळहळत होते. इतका वेळ एका माणसावर असलेला तिचा राग आता मावेना झाला.

शलमोनचा पुढे केलेला हात केव्हाच खाली आला होता. तो तिच्याजवळ सरकला आणि तिलाच ऐकू येईल असं पुटपुटला, "भ्यालतो वैनी. चावी माझ्याजवळच व्हती."

"मला कावून सांगतो?" आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला तोंडावर अरेतुरे केलं. "मला ठाऊकच हाय. तिकडं तोंड कर."

त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. मग वळला.

"चावी माझ्याकडं व्हती," तो मंडळीला म्हणाला. "घरात लेकरं व्हती. रोगाला भ्यालो." पुढचं त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण एकदा तोंड उघडलं आणि ते बाहेर पडत गेलं. "मी घरी नव्हतो. मी भिंतीच्या मागंच बसलतो, आतून कुलूप लावून. वैनीचा फोन वाजाया लागला म्हणून आवाज बंद केला. सलीम म्हनला, आमच्याकडं इचारू का. वैनी म्हनल्या, नको, माझा दीर येतोय. ते बी मला ऐकू आलं. तरी न्हाई उठलो. गाडी गेली तवर न्हाई उठलो."

एवढं बोलून तो तिथेच, मेजाच्या पायाशी खाली बसला.

हे इस्तरला माहीत नव्हतं. दीड तास आपल्यात आणि त्याच्यात विटांची एक भिंत होती हे तिला आत्ता कळलं. ओरडावंसं वाटलं, पण ओरडून उपयोग व्हायचा काळ चार वर्षांपूर्वीच गेला होता. ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

त्या दिवशी ताट फिरवायला कुणी पुढे होईना, म्हणून पाळक स्वतःच ते घेऊन रांगेतून गेले. शलमोनपाशी आल्यावर त्याने मान हलवून नको म्हटलं. पाळक पुढे सरकणार, इतक्यात बायांच्या बाजूने इस्तर म्हणाली, "त्याला द्या. त्यानं सांगितलंय."

शलमोनने तुकडा घेतला. 

सगळ्यात शेवटी पाळक तिच्यापुढे आले. ताटात एकच तुकडा उरला होता. ती दर महिन्याला मंडळीची डोकी मोजून तुकडे करायची, स्वतःचं धरून. पाळक ताट धरून उभे राहिले. सकाळपेक्षा ते बरेच लहान दिसत होते.

"मला राग हाय अजून, पाळकसाहेब," ती म्हणाली. "कालपरीस जास्त हाय. आता समद्यांवर हाय. पुढल्या महिन्याला बघू."

"आणि..." पाळकांनी आवाज खाली आणला, "पोळ्या?"

"पोळ्या मीच करणार," इस्तर म्हणाली, आणि रिकामे पेले गोळा करायला उठली.